कुठून कापलं? : बांधकामाचे नकाशे वाचण्याविषयी

आज बांधकामाचे नकाशे कसे वाचायचे याबद्दल बोलायचं ठरलंय. यूट्यूबवर यावर भरपूर काही सापडतं: दाराचं चिन्ह कसं असतं, खिडकी कशी दाखवतात, वगैरे. ते आम्ही इथे परत सांगणार नाही. चिन्हं पाठ करायला एक दुपार पुरते. आमचा मुद्दा वेगळा आहे. चिन्हं पाठ असलेल्या माणसांनाही नकाशा वाचता येत नाही. हे आम्ही दुसऱ्यांबद्दल म्हणत नाही, आमच्याच अनुभवावरून म्हणतोय.

काही वर्षांपूर्वी इथे नागपुरातच एका दोनमजली घराचं काम चालू होतं. जिन्याचं सेंटरिंग लागलं होतं. मिस्त्रीने पायरीच्या जागेवर उभं राहून वर हात केला आणि म्हणाला, "साहेब, इथं डोस्कं लागन." आम्ही नकाशा काढला. जिना बरोबर होता, पायऱ्या बरोबर होत्या, रुंदी बरोबर होती. आम्ही म्हणालो, नकाशाप्रमाणे आहे, चालू द्या. स्लॅब झाला, फळ्या निघाल्या आणि सातव्या पायरीवर बीमने खरंच डोकं अडवलं. बीम स्ट्रक्चरच्या शीटवर होती, जिना आर्किटेक्चरच्या शीटवर. दोन्ही शीट आपापल्या जागी निर्दोष. जिन्यातून उभा छेद घेऊन दोघांना एका कागदावर कोणी आणलंच नव्हतं. मिस्त्रीने तो छेद मनात घेतला होता. आमच्याकडे कागद होता, पण वाचन त्याच्याकडे होतं.

तेव्हापासून कुठलाही नकाशा हातात आला की आम्ही पहिला प्रश्न एकच विचारतो: कुठून कापलं? आज तुमच्यासमोर एवढंच मांडायचंय.

आधी शब्दाकडे बघू. मराठीत आपण सगळ्यालाच 'नकाशा' म्हणतो. जगाचा नकाशा, जिल्ह्याचा नकाशा, घराचा नकाशा. 'नकाशा पास झाला का?' हे आपलं नेहमीचं वाक्य. या एका शब्दाने आपल्याला एक वाईट सवय लावलीय. जिल्ह्याच्या नकाशात आपण कोणतं गाव कुठे आहे ते शोधतो. घराचा नकाशाही आपण तसाच बघतो: किचन कुठे, बेडरूम कुठे, देवघर कोणत्या दिशेला. बोट फिरवलं, खोल्या मोजल्या, झालं वाचून. पण घराचा प्लॅन म्हणजे आकाशातून दिसणारं घर नव्हे. आकाशातून तर फक्त गच्ची आणि पाण्याची टाकी दिसेल.

प्लॅन हा आडवा छेद असतो. घर जमिनीपासून साधारण चार फुटांवर आडवं कापलं, वरचा भाग उचलून बाजूला ठेवला आणि उरलेल्याकडे वरून पाहिलं, की दिसतो तो प्लॅन. चार फूटच का? कारण त्या उंचीवर दारंही कापली जातात आणि बहुतेक खिडक्याही. म्हणून प्लॅनमध्ये भिंत जाड रेषेत येते, ती कापलेली असते. ओटा, पलंग, पायऱ्या बारीक रेषेत येतात, त्या नुसत्या दिसतात. आणि जे कापलेल्या पातळीच्या वर राहिलं, म्हणजे बीम, छज्जा, लॉफ्ट, ते तुटक रेषेत येतं किंवा येतच नाही. तुटक रेषेचे अर्थ दोन: वर काहीतरी आहे, नाहीतर खाली काहीतरी झाकलेलं आहे. कोणता ते शेजारच्या शीटवरून ठरतं. आमची ती बीम अशाच एका तुटक रेषेत असायला हवी होती. ती रेष नव्हती आणि तिचं नसणं आम्हाला खटकलं नाही. नकाशा वाचणं म्हणजे न काढलेली रेष दिसणं, असं आम्ही आता म्हणतो.

हे आपल्या ओळखीच्या इमारतींवर करून बघू. सिव्हिल लाइन्समधली उच्च न्यायालयाची इमारत तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. वास्तुकार हेन्री मेड, ज्यांनी नवी दिल्लीतलं कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन केलं, तेच. कोनशिला ९ जानेवारी १९३७ ची, उद्घाटन ६ जानेवारी १९४० चं. बाहेरची मापं ४०० फूट बाय २३० फूट, मधल्या घुमटाचा माथा जमिनीपासून १०९ फुटांवर.

आता ही इमारत कागदावर आणायचीय. ४०० फूट म्हणजे जवळजवळ १२२ मीटर. आपल्याकडे घराचे प्लॅन सर्रास एकास शंभर या प्रमाणात काढतात. त्या प्रमाणात ही इमारत १२२ सेंटिमीटर लांब होते. सगळ्यात मोठा नेहमीचा कागद ए-झीरो, त्याची लांबी ११८.९ सेंटिमीटर. मावत नाही! मग दोनच वाटा: तुकडे करा, नाहीतर प्रमाण एकास दोनशे करा. एकास दोनशेला इमारत ६१ सेंटिमीटरवर येते, छान मावते; पण नऊ इंची भिंत एका मिलिमीटरच्या जरा पुढे जाते आणि खिडकीची चौकट गायब होते. प्रमाण म्हणजे नुसतं गणित नाही, काय दाखवायचं आणि काय सोडायचं याचा तो निर्णय आहे. लहान प्रमाणाचा नकाशा खोटं बोलत नाही, फक्त काही गोष्टी बोलतच नाही. म्हणून प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात सूचना असते की लिहिलेलं माप धरा, पट्टी लावून मोजू नका. आज साइटवर नकाशा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून येतो, कोणीतरी त्याची झेरॉक्स काढतं, कागद दोन टक्के आखडतो. पट्टी लावणारा तिथेच फसतो.

आणि घुमट? प्लॅनमध्ये तो एक गोल आहे, बस्स. तो १०९ फुटांपर्यंत जातो हे प्लॅनला सांगताच येत नाही. दर्शनी चित्र, ज्याला आपण एलेव्हेशन म्हणतो, ते उंची सांगतं. पण त्या उंचीच्या आत काय आहे हे तेही सांगत नाही. त्यासाठी इमारत उभी कापावी लागते.

ही गोष्ट आम्हाला सगळ्यात नीट कळली ती दीक्षाभूमीवर. शिव दान मल यांनी केलेला तो स्तूप. १९७८ मध्ये काम सुरू झालं आणि १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. घुमटाचा व्यास १२० फूट. आता सांचीचा मोठा स्तूप आठवा. त्याचा व्यास ३६.६ मीटर, म्हणजे तोही १२० फूटच. दोघांना आकाशातून बघा: तेवढाच गोल. लांबून बघा: दोन्हीकडे अर्धगोल. या दोन चित्रांवर थांबलेला माणूस म्हणेल, नागपूरवाल्यांनी सांचीची नक्कल केली.

आता दोन्ही मधोमध उभे कापा. सांची आतून भरीव आहे. मूळचा विटांचा स्तूप, त्यावर नंतर चढवलेला दगड. आत जागाच नाही. तिथे माणूस बाहेरून प्रदक्षिणा घालतो. दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे. त्या छेदात खाली माणसं काढावी लागतात, कारण ती आत उभी असतात. बाहेरचा आकार तोच, पण छेदात इमारतीचा अर्थ उलटा झाला. ज्या समाजाला शतकानुशतकं देवळांच्या आत पाऊल टाकू दिलं नाही, त्याने १४ ऑक्टोबर १९५६ ला जिथे धम्मदीक्षा घेतली, त्या जागेवरचा स्तूप आत बोलावणारा आहे. वास्तुकाराच्या मनात नेमकं काय होतं, हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवतो. वास्तू जे बोलते ते छेदात बोलते, एवढंच म्हणतो. स्थापत्यावरचे मराठी लेख बघा, दर्शनी भागावर पानंच्या पानं असतात: कमानी, जाळ्या, दगडाचा रंग. छेदावर एखादी ओळ सापडली तर नशीब. आपली वास्तुसमीक्षा इमारतीच्या बाहेरच उभी राहते, अशी आमची तक्रार आहे.

आता मोठ्या इमारती सोडू आणि फ्लॅटच्या ब्रोशरकडे येऊ. तोही एक वाङ्मयप्रकारच आहे आणि त्याची समीक्षा कोणी करत नाही. पहिल्या पानावर संध्याकाळच्या प्रकाशातलं थ्रीडी चित्र. आत रंगीत प्लॅन, त्यात सोफा, डायनिंग टेबल, कुंड्या. फर्निचर नीट बघा. पलंग खऱ्या पलंगापेक्षा लहान काढलाय का? सहा बाय साडेसहाचा पलंग तिथे स्वतः मावतो का ते मोजा. खोली मोठी दिसण्याचं रहस्य पुष्कळदा तिथेच असतं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की ब्रोशरमध्ये छेद नसतो. आम्ही गोळा केलेल्या एकाही ब्रोशरमध्ये तो नाही. प्लॅन मान डोलवायला लावतो, छेद प्रश्न विचारायला लावतो. आणि विकणाऱ्याला प्रश्न नको असतात, हे समजण्यासारखं आहे.

नागपुरात छेद का महत्त्वाचा, ते सूर्याकडून शिका. आपण साधारण २१ अंश अक्षांशावर. मेच्या शेवटी, ऐन नवतप्यात, दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस तेव्हाचाच. म्हणजे भर उन्हाळ्यात दुपारी बाराला दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळपास नसतंच, सगळं छतावर असतं. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी दक्षिणेला ४५ अंशांवर असतो. आता तुमच्या दक्षिणेच्या खिडकीचा छेद काढा आणि छज्जाच्या टोकापासून ४५ अंशांची रेष खाली आणा. दोन फुटांचा छज्जा दोन फूट सावली देईल. खिडकी चार फुटांची असेल तर अर्ध्या खिडकीतून हिवाळ्याचं ऊन आत, ते तर हवंच असतं. आता तोच छज्जा पश्चिमेच्या खिडकीवर बघा. मेमध्ये चार-पाच वाजता सूर्य खाली उतरलेला असतो, रेष छज्जाच्या खालून सरळ पलंगावर येते. तरी चारही बाजूंना एकच छज्जा! प्लॅनमध्ये तो सगळीकडे एकच तुटक रेष आहे, म्हणून प्लॅन बघणाऱ्याला चारही सारखेच वाटतात. छेद काढणाऱ्याला दोन मिनिटांत कळतं की पश्चिमेला छज्जा नको, उभी आडोशाची भिंत हवी, जाळी हवी किंवा झाड हवं.

आणि छत. छेदातली सगळ्यात वरची रेष. सर्वांत वरच्या मजल्यावरचा फ्लॅट घेत असाल तर ती रेष मोठी करून मागा. पाच इंची स्लॅब, त्यावर काय? ब्रिकबॅट कोबा आहे की नुसतं वॉटरप्रूफिंग? वर पांढरं काही आहे का? मे महिन्यात तुमची झोप त्या चार इंचांवर अवलंबून आहे आणि ब्रोशरच्या पस्तीस पानांत ते चार इंच कुठेच नाहीत.

मग कूलर. विदर्भात कूलरशिवाय घर नाही. पण नकाशात कूलरला चिन्हच नाही. आर्किटेक्चरच्या नकाशांची मानकं आहेत, आयएस ९६२ आहे, चिन्हांचे तक्ते आहेत. आपल्या कूलरसाठी मात्र नकाशात कोणी जागा धरत नाही. मग राहायला आल्यावर लोखंडी स्टँड ठोकला जातो, खिडकीचं एक पान कायमचं काढलं जातं, पाण्याचा पाइप बाथरूममधून लोंबतो. कूलर ओली हवा आत ढकलतो, तिला बाहेर जायला समोर वाट लागते. ती नसली की घर दमट होतं. म्हणजे हवेचीही एक रेष छेदात काढायला हवी. ज्या गोष्टीला चिन्ह नाही तिचा विचार होत नाही.

आता शिकवण्याबद्दल. आमच्या मते इथे खरी चूक आहे. आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, आर्किटेक्चरची पदवी पाच वर्षांची आहे. दोन्हीकडे नकाशा काढायला शिकवतात. वाचायला शिकवतात असं गृहीत धरलं जातं. काढलं की वाचता येतं, हे खरं नाही. सुंदर अक्षर गिरवणारा मुलगा अर्थ समजून वाचतोच असं नाही, तसंच हे. आम्ही विद्यार्थ्यांसमोर त्यांच्याच प्लॅनवरचं 'ए-ए' हे छेदाचं चिन्ह ठेवतो आणि विचारतो: ही रेष इथूनच का घेतली? बहुतेक वेळा उत्तर येतं, तिथून काढायला सोपं जातं. म्हणजे जिथे काही घडत नाही तिथून! जिना टाळून, संडास टाळून, बीम टाळून. राष्ट्रीय इमारत संहिता म्हणते की निदान एक छेद जिन्यातून घ्या. तो नियम उगाच नाही. घरात जिथे अडचण असते, छेद तिथूनच जायला हवा.

उलट साइटवरच्या शाळेकडे बघा. लोखंड बांधणारे, सेंटरिंगवाले छत्तीसगडहून, बालाघाटकडून, आपल्या गावांमधून येतात. नकाशा इंग्रजीत असतो. त्यावर लिहिलेलं असतं, बारा एमएम, दीडशे सी-सी. म्हणजे बारा मिलिमीटरची सळई, एका सळईच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत दीडशे मिलिमीटर. फिटर ते वाचतो, 'चार सूत, सहा इंचावर'. इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे सूत. दहा एमएम म्हणजे तीन सूत, सोळा म्हणजे पाच सूत. हा माणूस इंग्रजीतून आपल्या बोलीत, मिलिमीटरमधून सुतात आणि सपाट कागदातून उभ्या लोखंडात असं तिहेरी भाषांतर दिवसभर करतो आणि त्याला आपण 'अनस्किल्ड' किंवा फार तर 'सेमी-स्किल्ड' म्हणून मजुरी देतो. तो चुकतोही, त्याचं उदात्तीकरण आम्हाला करायचं नाही. बीमच्या सळ्या वरच्या खाली आणि खालच्या वर बांधल्या गेल्याचं आम्ही पाहिलंय. गॅलरीच्या बाहेर आलेल्या स्लॅबमध्ये मुख्य लोखंड वरच्या अंगाला लागतं, ते खाली बांधलं तर गॅलरी कोसळू शकते. हेसुद्धा फक्त छेदातच दिसतं. प्लॅनमध्ये वरची आणि खालची सळई एकाच रेषेवर येते. म्हणजे नकाशा वाचता न येणं ही नुसती शिक्षणातली उणीव राहत नाही, जिवावर बेतू शकते.

शेवटचा मुद्दा आपल्या सगळ्यांचा, म्हणजे नागरिकांचा. १ जुलै २०२४ ला दीक्षाभूमीवर काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. भूमिगत पार्किंगचं काम चालू होतं. त्याने स्तूपाला धोका पोहोचेल या भीतीने हजारो लोक जमले, साहित्याची तोडफोड झाली, राज्य सरकारला कामाला स्थगिती जाहीर करावी लागली. त्या दिवशी कोण बरोबर, हा आजचा विषय नाही. आम्ही त्याकडे नकाशा वाचणारे म्हणून बघतो. भूमिगत पार्किंग ही अशी वस्तू आहे, की जमिनीवरच्या प्लॅनमध्ये ती फार तर एक तुटक चौकोन असते आणि दर्शनी चित्रात तर नसतेच. ती फक्त उभ्या छेदात असते: किती खोल खोदणार, जुन्या पायापासून किती अंतरावर, मधली माती कशाने धरून ठेवणार, पावसाचं पाणी कुठे काढणार. लोकांच्या मनातले प्रश्न नेमके हेच होते. आपल्याकडे काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग खडक; काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते, हे इथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. असा एक छेद, मराठीत मापं लिहून, दहा फूट उंच फलकावर काम सुरू होण्याआधी जागेवर लावणं ही लोकांशी बोलण्याची पहिली पायरी असायला हवी. जिथे लोकांची श्रद्धा जमिनीशी जोडलेली आहे, तिथे जमिनीखालचं चित्र आधी दाखवायला हवं. आणि ते दाखवल्यावर वाचणारेही हवेत. आमची टीका दोन्ही बाजूंवर आहे. दाखवणारे थ्रीडी दाखवतात, बघणारे थ्रीडी मागतात.

कायदा आपल्या बाजूने आहे, तो वापरा. २०१६ च्या रेरा कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे बिल्डरने मंजूर नकाशे खरेदीदाराला उपलब्ध करून द्यायचे असतात, साइटवर लावून किंवा नियमात ठरेल तिथे. १४ व्या कलमाप्रमाणे, किरकोळ बदल सोडले तर, तुमच्या फ्लॅटचा मंजूर आराखडा तुमच्या संमतीशिवाय बदलता येत नाही, आणि इमारतीचा बाकी आराखडा बदलायला दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. म्हणजे कायदा तुमच्याकडे सही मागतो. पण जे वाचता येत नाही त्यावर केलेली सही म्हणजे अंगठाच की. शंभर वर्षांपूर्वी सावकाराच्या कागदावर आपले आजे-पणजे अंगठे उठवत होते, आपण मंजूर नकाशाच्या गठ्ठ्यावर इंग्रजीत सही करतो. फरक काय?

घरी जाऊन एक करा. ज्या घरात राहता त्याचा एक छेद काढा. प्रमाण-बिमाण राहू द्या, वहीच्या चौकटीच्या कागदावर काढा, एक चौकट म्हणजे अर्धा फूट. पश्चिमेच्या खिडकीतून आणि जिन्यातून जाईल अशी रेष निवडा. टेप घ्या: जोतं रस्त्यापासून किती वर, खिडकीची सिल किती उंचीवर, लिंटेल कुठे, स्लॅब कुठे. जोत्याचं माप घेताना गेल्या पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत आलं होतं तेही लिहा. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट अंबाझरीच्या खालच्या वस्त्यांत राहणाऱ्यांना वेगळी सांगायला नको. दोन पायऱ्यांचं जोतं की पाच पायऱ्यांचं, हा त्या पहाटे प्लॅनमधल्या सगळ्या खोल्यांपेक्षा मोठा प्रश्न होता.

अर्ध्या तासात तुमचं घर तुम्हाला पहिल्यांदा दिसेल. आणि पुढच्या वेळी कोणी रंगीत नकाशा समोर ठेवला की त्याला विचारा: हे कुठून कापलंय? आणि इथून कापलं तर काय दिसेल? उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो ते बघा. तुम्ही काढलेले छेद पुढच्या वेळी सोबत आणा, आपण ते एकत्र बसून वाचू.